सहाशे चाळीसांतले पाच

सोमवारी सकाळी नोटीसबोर्डावर कागद लागला. साबण सिस्टरने तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्जरीच्या मजल्यांवरच्या तेवीस मावश्यांना कामावरून कमी केलं होतं. कारण दिलं होतं, ‘साफसफाईत अक्षम्य हलगर्जीपणा, त्यामुळे रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग’. खाली अधीक्षकांची झोकदार सही.

शेजारी चार नंबर वॉर्डाची थोरली मावशी उभी होती. बावीस वर्षं तिने त्याच वॉर्डाची फरशी पुसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कागदाकडे न बघता सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती.

“काय लिहिलंय?”

“मूर्खपणा लिहिलाय.”

“तो दिसतोय तुमच्या तोंडावर. कुणाचा, ते सांगा.”

सिस्टरने सांगितलं. मावशी रडली नाही. हातातली बादली खाली ठेवली, फडकं पिळून तिच्या काठावर पसरलं आणि म्हणाली, “म्हणजे चार माणसं आम्ही मारली म्हणायची.”

खरं कारण शोधायचं, एवढंच सिस्टरने तिथल्या तिथे ठरवलं.

दोन महिने झाले होते. ऑपरेशन चांगलं व्हायचं, पेशंट तिसऱ्या दिवशी उठून बसायचा आणि पाचव्या दिवशी टाके लाल व्हायचे. मग पू, मग ताप. नेहमीची औषधं या जंतूपुढे पाणी ठरत होती. चौतीस पेशंट झाले, त्यांतले चार गेले. चौथा होता एक बस कंडक्टर, हर्नियासाठी आलेला. दोन दिवसांत घरी जाणारा माणूस अठराव्या दिवशी चादरीखाली गेला. त्याची बायको व्हरांड्यात सिस्टरला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. “चालत आले होते हो ते. चालत आले होते ना?”

आता सिस्टरबद्दल. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती साबण सिस्टर. वय एकोणपन्नास, अंगाने काटकुळी, आवाज मात्र तीन वॉर्ड ओलांडून जाणारा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना एका प्राध्यापकाने चुकीचा डोस फळ्यावर लिहिला, तर हिने उभं राहून “पेशंट मरेल सर” असं सांगितलं होतं. डोस चुकलाच होता, पण उलट बोलल्याबद्दल महिनाभर तिलाच भांडी उकळायला लावली. तेव्हापासून तिचं आणि वरच्यांचं कधी जमलं नाही. दोनदा बढती हुकली. शेवटी अकरा वर्षांपूर्वी तिला जंतुसंसर्ग विभागात टाकलं. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि ती. काम म्हणजे प्रत्येक बेसिनवर साबण आहे की नाही ते बघणं. तिला गप्प बसवायला ही जागा दिली होती. तिने मात्र अकरा वर्षं तो साबण इतका मनावर घेतला की ती येताना दिसली की मोठमोठे डॉक्टर खिशात हात घालायचे.

त्या सोमवारी ती थेट अधीक्षकांच्या केबिनमध्ये शिरली.

“साहेब, कुठल्या पुराव्यावर काढलंत त्यांना?”

“सिस्टर, घाण होती म्हणून जंतू पसरले. घाण कोण साफ करतं? सोपं आहे.”

“प्रत्येक मावशी एकाच वॉर्डात काम करते. चारची मावशी अकरामध्ये पाऊल टाकत नाही. मग चारमधला जंतू अकरामध्ये गेला कसा? उडत गेला?”

“मी परिपत्रकही काढलंय. सहाशे चाळीस कर्मचारी आहेत, प्रत्येकाने बावीस सूचना पाळायच्या. वाचा तुम्ही.”

“वाचलंय. तुम्ही वाचलंय का? त्यांतल्या तीन तरी सांगा बघू.”

अधीक्षकांनी फोन उचलला आणि कुणाचा नंबर न फिरवताच कानाला लावला. भेट संपल्याची ती खूण होती.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर एक स्टूल घेऊन सर्जरीच्या व्हरांड्यात बसू लागली. मांडीवर वही. कोण कुठल्या वॉर्डातून निघालं, कुठल्या वॉर्डात शिरलं, कशाला हात लावला. सलग नऊ दिवस ती हेच लिहीत होती, मधूनच उठून माणसांच्या मागोमाग वॉर्डांतही जात होती. वॉर्डबॉय म्हणायचे, “सिस्टरला आता माणसं मोजायला बसवलंय.” ती मान वर न करता म्हणायची, “तुला तिसऱ्यांदा मोजलं. काम कर जरा.”

नवव्या दिवशी तिने तो सगळा पसारा घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर एका मोठ्या कागदावर मांडला. वॉर्डांची चौदा वर्तुळं आणि एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसांच्या रेघा. तासाभरात कागदाचा असा गुंता झाला, जणू मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटला. तिने पेन आपटलं.

घरात तिच्याखेरीज एक सासरेच होते. नवरा बाहेरगावी नोकरीला. सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. ऐकायला कमी येत असलं तरी बाकी सगळं शाबूत होतं. ताटं कुठे मांडायची म्हणून ते टेबलाजवळ आले आणि कागदावर वाकून उभे राहिले.

“सूनबाई, ही कुठली लाइन?”

“लाइन नाही अण्णा, इस्पितळ आहे. यातून जंतू फिरतोय. कुठून अडवू तेच कळत नाही. साहेब म्हणतात सगळ्यांना धरा.”

अण्णा हसले. “मोठं वादळ झालं होतं ना, तेव्हा आमचे नऊशे खांब आडवे झाले. साहेब असाच म्हणाला, सगळे उभे करा. माणसं किती, तर आम्ही सहा. आमच्या मुकादमाने त्याला बाजूला सारलं. म्हणाला, खांब मोजू नका रे, तारा जिथे एकमेकींना भेटतात ते डबे बघा. तसे सात डबे निघाले. ते सात सुरू केले आणि निम्मं गाव बोलायला लागलं.”

“पण इथे सगळेच सगळ्यांना भेटतात.”

“भेटू देत. जोडणी कोण करतं ते बघ.”

जेवण बाजूला राहिलं. सिस्टरने नवा कागद घेतला आणि एकेक रेघ तपासून खोडायला सुरुवात केली. लिफ्टवाला रोज पाचशे माणसांना भेटतो, पण हात लावतो फक्त बटणाला. खोडला. दारावरचा वॉचमन, खोडला. मावश्या आणि वॉर्डातल्या नर्सेस ज्या त्या वॉर्डातच फिरतात, जंतू आला तरी त्यांच्यापाशीच अडतो, पुढे जात नाही. त्यांच्याही रेघा खोडल्या. असं करत करत कागद उघडा पडत गेला. उरलं ते बघून ती ओरडली, “अण्णा, पाच! सहाशे चाळीसांत पाच!”

“आता ताटं घेऊ का?” अण्णांनी विचारलं.

पहिला फिरतं एक्स-रे मशीन ढकलणारा माणूस. त्याची प्लेट दिवसाला तीसेक पेशंटांच्या पाठीखाली सरकायची. दुसरे पट्टीवाले काका. ते एकच ट्रॉली आणि एकच कात्री घेऊन सहा वॉर्डांत जखमा बांधत. तिसरा रक्त घेणारा तंत्रज्ञ आणि त्याचा दंडाला बांधायचा रबरी पट्टा. चौथा व्यायाम शिकवणारा फिजिओ. पेशंटला उभं करताना कमरेला बांधायचा त्याचा पट्टा एकच, आणि तो कधी धुतलेला कुणी पाहिला नव्हता.

पाचवे होते मोठे डॉक्टर.

सर्जरीचे प्रमुख. हात असे की इतर डॉक्टर फक्त ते बघायला थिएटरमध्ये उभे राहत. रोज सकाळी नऊ वाजता त्यांचा राउंड निघायचा. मागे अकरा ज्युनियर, पुढे ते, सात वॉर्ड, आणि जिथे शंका येईल तिथे स्वतः पट्टी उचलून जखम बघायचे. उघड्या हाताने. सिस्टरने वहीत नोंद केली होती, एका राउंडमध्ये एकोणीस जखमा आणि बेसिनकडे शून्य फेऱ्या.

तिने पहिल्या चार ठिकाणांचे नमुने घेऊन लॅबला पाठवले. दोन दिवसांनी कागद आला. एक्स-रेची प्लेट, काकांची कात्री, रबरी पट्टा, कमरेचा पट्टा, चारही ठिकाणी तोच जंतू. पट्टीवाले काका हे ऐकून बाकावर बसले ते उठेनात. “माझ्या हातून? सिस्टर, माझ्या हातून?” त्यांना धीर द्यायला तिच्याकडे वेळ नव्हता, तरी दिला.

पाचव्याचा नमुना घ्यायला ती राउंडच्या आधी मोठ्या डॉक्टरांसमोर गेली. सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ज्युनियरांकडे वळून म्हणाले, “ऐकलंत? तीस वर्षं मी थिएटरमध्ये दहा दहा मिनिटं हात धुतोय. आता या मला हात धुवायला शिकवणार.” अकरापैकी नऊ जण हसले.

“थिएटरमध्ये धुता, सर. राउंडला धुवत नाही.”

हसू थांबलं. डॉक्टर निघून गेले.

त्याच दुपारी अधीक्षकांनी बैठक बोलावली. मेट्रन होत्या, मोठे डॉक्टर होते, सिस्टर होती. अधीक्षकांना लॅबचा कागद नाकारता येईना. ते म्हणाले, “ठीक आहे, चार ठिकाणांचा बंदोबस्त करू. प्रत्येक पेशंटला वेगळी कात्री, वेगळा पट्टा, प्लेटला पिशवी. झालं समाधान?”

“पाचवं?”

“पाचवं सोडून द्या हो. चार बंद केली ना?”

“आणि मावश्या?”

“तो आदेश निघालेला आहे.”

सिस्टर उभी राहिली. नंतर मेट्रन सांगायच्या, की खिडकीच्या काचा हादरल्या. “पाच नळ गळतायत आणि चार बंद करून म्हणताय घर कोरडं होईल? बाकी सहाशे पस्तीस जणांच्या मागे नका लागू, मीच सांगते. त्यांना मोकळं सोडा, ते बावीस सूचनांचं बाड फेकून द्या. पण हे पाच धरायचेच, आणि यांतला एकही सुटता कामा नये. ज्यांनी काही केलं नाही त्या तेवीस बायकांना तुम्ही एका सहीत घरी बसवलं. आणि ज्यांचे हात सात वॉर्डांत फिरतात त्यांना ‘हात दाखवा’ म्हणायला तुमची जीभ उचलत नाही?”

“सिस्टर, तुम्ही मर्यादा सोडताय,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“चार माणसं गेली सर. मर्यादा केव्हाच सुटली.”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती चार नंबर वॉर्डाच्या दारात उभी राहिली. बाजूला स्टुलावर पाण्याचं घमेलं, साबण, कागदी रुमालांचा गठ्ठा. राउंड आला. तिने दार अडवलं.

“हात धुतल्याशिवाय आत जाता येणार नाही.”

“बाजूला व्हा.”

“नाही होणार.”

आतले पेशंट उशांवर कोपर टेकून बघत होते. मागच्या रांगेतून एक ज्युनियर डॉक्टर पुढे आली, आदल्या दिवशी न हसलेल्या दोघांतली एक. तिने बाह्या सारल्या आणि हात धुतले. मग दुसरा आला. मग तिसरा. एकेक करून अकराही जणांनी धुतले. मोठे डॉक्टर सगळं होईपर्यंत लालबुंद होऊन उभे राहिले, मग आत न जाता पाठ फिरवून निघून गेले. तासाभरात सिस्टरच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

घरी बसून तिचं डोकं थंड होईल असं अण्णांना वाटलं होतं. कसलं थंड? तिने दोन दिवसांत घरातले सगळे डबे घासले, तिसऱ्या दिवशी घासलेले पुन्हा घासले. “सूनबाई, त्या पातेल्याने काय केलंय?” अण्णा विचारायचे. पण रोज संध्याकाळी ती मेट्रनना फोन करायची. मेट्रन तोंडाने कधी कुणाला दुखवत नसत, पण कामाला पक्क्या होत्या. चारही ठिकाणांचा पहारा त्यांनी स्वतः धरला होता. नवे पेशंट आठवड्याला पाचावरून दोनावर आले. दोनाच्या खाली मात्र येईनात, आणि ते दोघेही दर वेळी राउंडच्या सात वॉर्डांतलेच.

मग मोठे डॉक्टर परिषदेला म्हणून दहा दिवस बाहेर गेले. त्या दिवसांत ऑपरेशनं चालूच होती, दुसरे सर्जन करत होते. नवा पेशंट एकही नाही. ते परतले आणि सहाव्या दिवशी एका म्हातारीचे टाके लाल झाले, सातव्या दिवशी एका शिक्षकाचे.

मेट्रननी तारखा एका कागदावर लिहिल्या. खाली एक शब्दही न लिहिता तो मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि निघून आल्या.

दोन दिवसांनी सिस्टरला बोलावणं आलं. अधीक्षकांचं नव्हे, मोठ्या डॉक्टरांचं. ती गेली ती भांडायच्या तयारीनेच. ते खोलीत एकटेच बसले होते. समोर मेट्रनचा कागद होता. घड्या घालून घालून तो मऊ पडला होता. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पुढे केले.

“घ्या नमुना.”

तिने पिशवीतून काड्या काढल्या. बोटं, नखं, तळवे. उजव्या हातात एक जाड अंगठी होती. “ही काढा.” त्यांनी काढली. खालची कातडी फुटलेली होती, पांढुरकी, भेगाळलेली.

“हे कधीपासून?”

“असेल तीनेक महिने. मी थिएटरमध्ये अंगठी काढतो. हातमोजे घालतो.”

“राउंडला?”

त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. सिस्टरने भेगेवरून काडी फिरवली आणि नळीत बंद केली. वाघासारखा माणूस तिच्यासमोर हात पुढे करून बसला होता. तिला दया यायला हवी होती. तिला आठवला तो कंडक्टर, आणि दया आली नाही.

लॅबच्या तपासणीत तोच जंतू निघाला. मोठे डॉक्टर तीन आठवडे रजेवर गेले, हात बरा करून, पुन्हा तपासून घेऊन परतले. अंगठी पुन्हा दिसली नाही. राउंडला प्रत्येक पेशंटनंतर ते बेसिनकडे जात आणि त्यांच्यामागे अकरा जण रांग लावत. सिस्टरची त्यांनी माफी कधी मागितली नाही. पुढच्या सहा आठवड्यांत सर्जरीच्या मजल्यांवर जंतुसंसर्गाचा एकही नवा पेशंट झाला नाही. सहाशे पस्तीस माणसं आपापल्या जुन्याच सवयींनी काम करत होती. ते बावीस सूचनांचं परिपत्रक कुणी फाडलं नाही, कुणी पाळलंही नाही.

निलंबन रद्द होऊन सिस्टर कामावर रुजू झाली त्याच दिवशी अधीक्षक कौतुकाने म्हणाले, “तुमची ती आकृती मी वरिष्ठांना दाखवली. फार आवडली त्यांना. ‘आपल्या रुग्णालयाची पंचसूत्री’ असं नाव दिलंय मी.”

“मावश्यांचं काय?”

“अहो, ते आता…”

“आज. लेखी. प्रत्येकीच्या नावाने वेगळं पत्र, आणि त्यात ‘तुमचा दोष नव्हता’ हे वाक्य. नाहीतर आकृतीत पाचव्या जागी कोण होतं ते मी तुमच्या वरिष्ठांना स्वतः जाऊन समजावून सांगते.”

चार दिवसांत पत्रं निघाली. ‘तुमचा दोष नव्हता’ याचं त्यांनी ‘आपणाविरुद्धचे आरोप सिद्ध होऊ शकले नाहीत’ केलं होतं. सिस्टरने तेवीसच्या तेवीस पत्रं परत पाठवली. दुसऱ्या खेपेला वाक्य बरोबर आलं.

एकोणीस जणी परतल्या. थोरल्या मावशीचं पत्र द्यायला सिस्टर स्वतः तिच्या घरी गेली. एका खोलीचं घर, दारात वाळत घातलेल्या चादरी. मावशी आता एका पाळणाघरात लहान मुलं सांभाळत होती. कडेवर एक होतं, दुसरं पदराला लोंबकळत होतं. तिने सिस्टरला पत्र वाचायला लावलं. मग म्हणाली, “ते वाक्य परत वाचा.” सिस्टरने परत वाचलं. मावशीने कागद हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

“उद्यापासून येताय ना?” सिस्टरने विचारलं.

“नाही.”

“मावशी, लेखी दिलंय त्यांनी.”

“दिलंय ना. बरं झालं, मुलाला दाखवीन. तीन महिने गल्लीतली माणसं माझ्या हातचं पाणी घेत नव्हती सिस्टर. इस्पितळात माणसं मारलेली बाई म्हणून. साहेबाला एक सही लागली. हे कागदाने कसं पुसायचं, सांगा मला. तुम्हाला पुसायचं सगळं ठाऊक असतं.”

कडेवरच्या पोराने सिस्टरचा चष्मा ओढला. मावशीने त्याची मूठ सोडवून चष्मा परत दिला आणि चहा टाकायला वळली. सिस्टर चहा पिऊन निघाली. बसस्टॉपवर थांबायचं तिच्या जिवावर आलं, ती चालतच राहिली. तीन स्टॉप ओलांडून गेली तरी तिच्या मुठी वळलेल्याच होत्या.